साडेसातशे तासांचा दोरा

13 जून 2015. टेक्सासचे राज्यपाल ग्रेग ॲबट यांना दोन विधेयकांवर सही करायची होती. त्यासाठी ते विधानभवन सोडून ऑस्टिनजवळच्या फ्लूगरव्हिल गावी गेले आणि तिथल्या एका बंदिस्त शूटिंग रेंजमध्ये बसून त्यांनी सह्या केल्या. एका कायद्यामुळे परवानाधारकाला कमरेला पिस्तूल उघड लावून हिंडता येणार होतं, दुसऱ्यामुळे सरकारी विद्यापीठाच्या आवारात ते कपड्याआड बाळगता येणार होतं. परवाना मिळवायला काय लागायचं? चार ते सहा तासांचा वर्ग, एक परीक्षा आणि नेम दाखवणं. सकाळी न्याहारी करून निघालेला माणूस संध्याकाळच्या चहाला शिकूनसवरून घरी.

पुढच्या तेरा दिवसांत, 26 जूनला, टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात दुसऱ्या एका हत्याराचा निकाल लागला. हत्यार म्हणजे सुती दोरा. खटल्याचं नाव ‘पटेल विरुद्ध टेक्सास परवाना व नियमन विभाग’. आडनावावरून ओळखलंत ते बरोबर, भांडणाऱ्यांमध्ये आपल्या उपखंडातली मंडळी होती आणि भांडण आयब्रोचं होतं. आपल्याकडे ‘आयब्रो करून येते गं’ म्हणून निघालेली बाई कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आत परत येते. दोऱ्याचं एक टोक पार्लरवालीच्या दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांत, काम फत्ते. टेक्सासमध्ये एवढ्यासाठी 750 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागे. रोज आठ तास आणि रविवारसुद्धा धरला, तर तीन महिन्यांच्या वर. फी हजारो डॉलर. एवढं करूनही शाळेने दोरा शिकवलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. चेहऱ्याचे मसाज, मेण, मेकअप हे सगळं शिकायचं आणि मग त्यातलं काहीही न करता दोरा धरायचा.

यातल्या 320 तासांपर्यंतच्या शिक्षणाचा भुवयांशी संबंध नाही, हे खुद्द सरकारलाही नाकारता आलं नाही. सहा विरुद्ध तीन मतांनी नियम रद्द झाला. विरोधातल्या तिघांचं म्हणणं साधारण असं, की असल्या गोष्टी ठरवणं हे विधिमंडळाचं काम आहे, न्यायालयाचं नव्हे. खरं आहे. विधिमंडळाचं लक्ष त्या वर्षी जरा खाली, कमरेच्या पट्ट्याकडे होतं.

1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासने ते चार-सहा तासही माफ केले. एकवीस वर्षं पूर्ण असली आणि कायद्याने बंदी नसली, की लावा कमरेला. विनापरवाना पिस्तूल बाळगू देणारी अशी 29 राज्यं आता अमेरिकेत आहेत. टेक्सासमध्ये केस कापायला मात्र 1,000 तास लागतात. पूर्वी 1,500 लागायचे. म्हणजे कात्रीवाल्यांनाही सूट मिळाली बरं का, तक्रार करू नये.

*

लगेच कुणीतरी म्हणेल, तुलना चुकीची आहे. बंदूक बाळगणं हा तिथे घटनेने दिलेला हक्क आहे, दुसरी घटनादुरुस्ती वाचा. वाचली. कात्रीला घटनादुरुस्ती नाही, हे मान्य. 1789 साली कुणा सलूनवाल्याने न्यूयॉर्कात जाऊन वेळीच वशिला लावला असता तर आज चित्र वेगळं असतं.

आणखी एक गोष्ट मान्य करून टाकतो. सलूनमध्ये नुसती कात्री नसते. केसांचा रंग उडवणारी रसायनं डोक्याची कातडी भाजू शकतात. केस सरळ करण्याच्या काही औषधांतून फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू निघतो. एकाच वस्तऱ्याने दहा गालांवरून फिरणं हा काय प्रकार आहे, हे आपल्याला सांगायला नको. तेव्हा थोडं शिकवा, स्वच्छता तपासा, परीक्षा घ्या. पण आयोवा राज्यात केशभूषेला कितीतरी वर्षं 2,100 तास लागायचे. एवढ्या वेळात माणूस फॉर्मल्डिहाइडचा कारखाना काढायला शिकेल.

तास वाढतात ते धोक्याच्या मापाने नव्हे. 1950 च्या दशकात अमेरिकेत शंभरातल्या पाचांहूनही कमी कामकऱ्यांना सरकारी परवाना लागायचा. 2015 मध्ये ओबामांच्या व्हाइट हाउसने अहवाल काढला तेव्हा हा आकडा एक चतुर्थांशाच्या वर गेला होता. परवाने देणाऱ्या मंडळांवर पुष्कळदा त्याच धंद्यातले लोक असतात. आपण आत आलो की दार लावून घ्यायचं, आणि बाहेरच्याला सांगायचं की हे तुझ्याच आरोग्यासाठी आहे. नॉर्थ कॅरोलिनात दंतवैद्यांच्या मंडळाने दात पांढरे करून देणाऱ्या साध्या दुकानदारांना असंच हुसकावलं. ते प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2015 मध्येच मंडळाला तिथे मार खावा लागला. शिवाय शाळा आहेत. तासावर फी घेणाऱ्या शाळेला तास कमी करा म्हणणं, हे रिक्षावाल्याला मीटर उलटं फिरव म्हणण्यासारखं.

बंदुकीच्या बाजूला हे गणित उलटं आहे. तिथे धंदेवाल्याचा फायदा दार उघडं राहण्यात. दोन्हीकडे जो आधीपासून आत बसलाय त्याचं ऐकलं गेलं, इतकाच काय तो समान धागा. धाग्यालाही म्हणे 750 तास लागायचे.

*

वेण्यांचं प्रकरण तर याहून पुढचं. आफ्रिकी वळणाच्या, डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या ही आईकडून मुलीकडे आलेली कला. त्यात ना कात्री, ना रसायन, ना वस्तरा. 1997 मध्ये डॅलस शहरात इसिस ब्रँटली या बाईंना या वेण्या विनापरवाना घातल्याबद्दल अटक झाली. बाई चिवट. पुढे त्यांनी वेण्या शिकवायची शाळा काढायची म्हटलं, तर नियमावली आडवी आली. केशकर्तनाच्या शाळेत किमान दहा खुर्च्या हव्यात, त्याही मागे कलणाऱ्या, आणि दर दोन खुर्च्यांमागे एक बेसिन. वेणी कोरड्या केसांची घालतात हो, बेसिनचं करायचं काय, हा प्रश्न नियमावलीला पडला नव्हता. 2015 च्या जानेवारीत संघीय न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांना पडला आणि बेसिनं वाहून गेली.

लुइझियाना आणि मिसिसिपी ही शेजारशेजारची राज्यं. लुइझियानात वेणी घालायला 500 तासांचं शिक्षण. मिसिसिपीने 2005 मध्ये ती भानगड काढून टाकली. किरकोळ फी भरायची, नाव नोंदवायचं, स्वच्छतेची माहिती वाचायची, बसा वेण्या घालत. 2012 मध्ये मिसिसिपीत नोंदलेल्या वेणीवाल्या 1,200 च्या वर होत्या. लुइझियानात परवानाधारक होत्या 32. मिसिसिपीतल्या बायकांची डोकी गळून पडल्याचं कुठे वाचनात आलं नाही.

जाता जाता सांगतो, या लुइझियानात फुलांची रचना करून विकणाऱ्यालाही परवाना लागतो. सगळ्या अमेरिकेत हा मान त्या एकाच राज्याचा. आणि 4 जुलै 2024 पासून तिथे पिस्तूल लपवून बाळगायला परवाना लागत नाही. तेव्हा न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यात समोरच्याने कोटात हात घातला तर मनात प्रार्थना करा, पिस्तूल निघो. गुच्छ निघाला तर कागदपत्रं बघावी लागतील.

*

आता फ्लोरिडा. या राज्यावर घाईने लिहून चालणार नाही, ते सदर लिहिणाऱ्यांसाठीच वसवलं असावं.

मुलांना बंदुकीपासून जपायचा धडा देशभर ज्या नावाने ओळखला जातो तो ‘एडी ईगल’ 1988 मध्ये फ्लोरिडातूनच निघाला. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या तिथल्या खंद्या पुरस्कर्त्या मॅरियन हॅमर यांनी तो आणला. पुढे त्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. एडी हा कार्टूनमधला गरुड. तो बालवाडीपासूनच्या मुलांना चार गोष्टी सांगतो. थांब. हात लावू नकोस. तिथून पळ. मोठ्या माणसाला सांग. चारही सल्ले उत्तम आहेत, एकालाही नाव ठेवायला जागा नाही. फक्त चौथ्या पायरीवरचा मोठा माणूस म्हणजे बहुधा तोच, ज्याने ती बंदूक तिथे ठेवली.

न्याय करायचा तर हेही सांगितलं पाहिजे की मुलांच्या हाती बंदूक लागेल अशी ठेवणाऱ्या मोठ्या माणसाला दोषी धरणारा कायदा देशात सर्वांत आधी फ्लोरिडानेच केला, 1989 मध्ये. लागोपाठ मुलं गेली होती, राज्य हादरलं होतं. म्हणजे अक्कल होती, पण ती टिकवायची कशी हा प्रश्न होता.

2011 मध्ये त्याच फ्लोरिडाने डॉक्टरांसाठी कायदा केला. रुग्णाला ‘घरात बंदूक आहे का’ असं विनाकारण विचारायचं नाही, विचारून नोंद करायची नाही. मोडला तर 10,000 डॉलरपर्यंत दंड, शिवाय डॉक्टरकी जाण्याची भीती. निमित्त काय, तर एका बालरोगतज्ज्ञाने मुलाच्या आईला हा प्रश्न विचारला होता आणि आई बिथरली. बालरोगतज्ज्ञ काय काय विचारतात बघा. घरात पोहायचा तलाव आहे का, त्याला कुंपण आहे का, फिनाइल कुठे ठेवता, गाडीत मुलाला वेगळी सीट आहे का. या यादीतला तेवढा एक प्रश्न सरकारने खोडला. पाच वर्षांच्या मुलाला बंदुकीबद्दल सांगायला गरुड चालतो, त्याच्या आईला विचारायला डॉक्टर चालत नाही. संघीय अपील न्यायालयाने 2017 मध्ये हा कायदा बव्हंशी मोडीत काढला. तोवर सहा वर्षं वकिलांची चैन झाली.

आणि याच राज्यात, 21 ऑगस्ट 2010 रोजी, ऑरलँडोच्या भागातल्या ‘स्ट्रिक्टली स्किल्झ’ नावाच्या सलूनवर धाड पडली. शनिवार, दुकानात गर्दी, त्यात शाळा उघडायच्या तोंडावर केस कापायला आलेली पोरं. काही पोलिसांच्या अंगात गोळीरोधक जाकीट, तोंडाला मुखवटे. गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, कारागिरांना बेड्या घातल्या आणि मग बरोबर आलेल्या सरकारी निरीक्षकाने गंभीरपणे विचारलं, परवाना दाखवा. सगळ्यांचे परवाने चोख होते. दोनच दिवसांपूर्वी त्याच खात्याने येऊन तपासणी केली होती आणि दुकान पासही झालं होतं.

पोलिसांना खरं तर दुसरंच काही हुडकायचं होतं. त्यासाठी झडतीचं वॉरंट लागतं. केशकर्तनाच्या परवान्याची तपासणी वॉरंटशिवाय करता येते. मग काय, कंगव्याच्या मागे बंदूक उभी राहिली. त्या मोहिमेत अशी दुकानं एकाहून जास्त होती, मुख्यतः काळ्या आणि हिस्पॅनिक वस्तीतली. ज्यांना पकडलं त्यांतल्या बहुतेकांवर आरोप एकच, विनापरवाना केस कापले. चोर सोडून संन्याशाला सुळी, एवढंच म्हणायचं. 2014 मध्ये अपील न्यायालयाने पोलिसांना खरमरीत सुनावलं. असल्या धाडी घटनाबाह्य आहेत हे आम्ही यापूर्वी दोनदा सांगितलंय, आता तिसऱ्यांदा सांगतो, असा एकूण सूर होता.

1 जुलै 2023 पासून फ्लोरिडातही पिस्तूल लपवून बाळगायला परवाना लागत नाही. बिगरपरवाना केस कापणं अजून गुन्हा आहे.

*

बरं, गरुडाच्या शिकवणीचा उपयोग होतो का?

अटलांटातल्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला, त्याचा निष्कर्ष 2001 मध्ये छापून आला. आठ ते बारा वर्षांचे 64 मुलगे, दोघा-तिघांचे गट. प्रत्येक गटाला पंधरा मिनिटं एका खोलीत सोडलं. खोलीतल्या खणांमध्ये दोन पाण्याच्या पिचकाऱ्या आणि एक खरं पिस्तूल, अर्थात गोळ्या नसलेलं, पण चाप ओढला की बाहेर कळेल अशी सोय केलेलं. आरशाआडून डॉक्टर बघताहेत. 48 मुलांना पिस्तूल सापडलं. 30 जणांनी ते हाताळलं. 16 जणांनी चाप ओढला. हाताळणाऱ्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांनी सांगितलं की बंदुकीपासून कसं जपायचं हे आम्हाला शिकवलेलं आहे.

यातला सगळ्यात बोचरा भाग आईवडिलांचा. आपल्या मुलाला बंदुकीचं आकर्षण नाही असं ज्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, त्यांची मुलंही बाकीच्यांइतकीच तिच्याशी खेळली. ‘आमचा बंटी तसला नाही’ हे वाक्य जगातल्या सगळ्या भाषांत तितकंच बिनकामाचं असतं.

शिकवण अगदीच वाया जाते असंही नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये छापलेल्या प्रयोगात मुलांना आदल्या आठवड्यात एक मिनिटाची चित्रफीत दाखवली. गणवेशातला पोलीस प्रमुख बंदुकीबद्दल सांगतोय, एवढीच. ती पाहिलेल्यांपैकी साधारण 39 टक्के मुलांनी सापडलेलं पिस्तूल हातात घेतलं, गाड्यांच्या सुरक्षिततेची फीत पाहिलेल्यांपैकी 67 टक्क्यांनी. फरक मोठा आहे. एका मिनिटाच्या मानाने तर फारच मोठा. दाखवा, जरूर दाखवा. फक्त शंभरातली ती उरलेली 39 मुलं कुणाच्या भरवशावर सोडायची, ते तेवढं गरुडाला विचारून सांगा.

एका उपायाला तर प्रयोगाचीही गरज नाही. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा, गोळ्या दुसऱ्या कुलपात. किल्ली फिरवायला ना गरुड लागतो, ना चित्रफीत, ना मुलाचा संयम. अमेरिकेत साधारण 46 लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि बिनकुलपाची आहे, असा 2018 मध्ये छापलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. 2020 पासून तिथे एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. आधी पहिला नंबर मोटारीचा होता. मोटारीला पट्टे आले, हवेच्या पिशव्या आल्या, मुलांच्या सीटचे नियम आले, आणि ती मागे पडली.

*

ज्या 1988 साली एडी गरुड उडाला, त्याच साली वॉशिंग्टनमध्ये खेळण्यातल्या बंदुकांचा कायदा झाला. खोटी बंदूक खोटी आहे हे लांबून दिसावं म्हणून तिच्या नळीच्या टोकाला भगभगीत नारिंगी बोंडूक हवं. आपल्या दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीला तिथे हे टोक लावल्याशिवाय दुकानात ठेवता येणार नाही.

आणि खरी बंदूक? गिऱ्हाइकांच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेत जो आयोग आहे, त्याच्या अखत्यारीतून 1972 च्या मूळ कायद्यानेच खऱ्या बंदुका वगळल्या आहेत. पाळणा, टोस्टर, शिडी, बाहुलीचा डोळा निघून घशात अडकेल का, हे सगळं आयोग बघतो. पिचकारीसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नाही. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

मधली एक जातही आहे. पेनसिल्व्हेनियातली एक कंपनी मुलांच्या हाताला झेपेल अशी छोटी रायफल बनवते. नाव ‘क्रिकेट’, जाहिरातीतलं ब्रीद ‘माझी पहिली रायफल’, दस्ता गुलाबी किंवा निळा मिळतो. खेळण्याला खरं दिसायची बंदी आहे, खऱ्याला खेळणं दिसायची नाही. 2013 च्या एप्रिलमध्ये केंटकीत पाच वर्षांच्या मुलाच्या हातून, त्याला भेट मिळालेल्या अशाच रायफलची गोळी सुटली आणि त्याची दोन वर्षांची बहीण गेली. रायफल घरात कोपऱ्यात उभी होती. आत गोळी आहे हे घरच्यांना ठाऊक नव्हतं.

इथे विनोद करण्यासारखं काही नाही, म्हणून पुढे जातो.

*

ॲरिझोना. 2010 पासून पिस्तूल बाळगायला परवाना नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये, लास वेगासहून पर्यटक जातात अशा तिथल्या एका रेंजवर, नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती उझी दिली गेली. उझी म्हणजे मशिनगनच्या कुळातली. एकेक गोळी झाडून झाल्यावर ती सलग झाडण्याच्या खटक्यावर ठेवली. धक्का तिला पेलला नाही आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक जिवाला मुकला. ही सहल विकणाऱ्यांच्या धंद्याचं नाव होतं ‘बुलेट्स अँड बर्गर्स’. वयाची अट किमान आठ. मुलगी नऊची होती, म्हणजे नियम तंतोतंत पाळला गेला होता.

त्याच राज्यात, 2017 च्या सुरुवातीला, टूसॉन शहरात केशकलेचा एक विद्यार्थी बागेत बसून बेघर माणसांचे केस फुकट कापत होता. कुणीतरी तक्रार केली. परवाना नाही, दुकान नाही, चौकशी लावा. सौंदर्यप्रसाधन मंडळाने लावली. पोरगा शिक्षण पुरं करण्याआधीच परवान्याला मुकतो की काय अशी वेळ आली, तेव्हा राज्यपाल डग ड्यूसी यांना स्वतः मध्ये पडावं लागलं. पुढच्या वर्षी नुसता ड्रायर फिरवून केस सेट करणाऱ्यांना परवान्यातून सूट द्यायचं विधेयक आलं. तोवर या फुंकरीला 1,000 तास लागत होते. विधेयक आलं तसे परवानाधारक विधानभवनात धावले. भाजेल, जंतू पसरतील, लोकांच्या जिवाशी खेळ आहे, असा एकच गदारोळ. उझीच्या वेळी एवढी माणसं आली असती तर बरं झालं असतं.

*

आता ताजी खबर. मार्च 2023 मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या कव्हनंट शाळेत गोळीबार झाला. नऊ-नऊ वर्षांची तीन मुलं आणि तीन मोठी माणसं मारली गेली. आईबाप विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसले, बंदुकांचे नियम कडक करा म्हणाले. विधिमंडळाने 2024 मध्ये दोन कायदे केले. एक, शिक्षकांना वर्गात पिस्तूल लपवून बाळगता येईल. दुसरा, 2025-26 या शैक्षणिक वर्षापासून सरकारी शाळांत बालवर्गापासून मुलांना बंदुकीपासून जपायचे धडे. आर्कान्सा आणि युटा मागोमाग निघाले आहेत.

टेनेसीच्या कायद्याने एक काळजी मात्र घेतली. धडा राजकीयदृष्ट्या तटस्थ हवा, बंदुकीच्या हक्काबद्दल कुठलीही बाजू घ्यायची नाही. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाने हात वर करून विचारलं, ‘बाई, पण ती तिथे ठेवली कुणी?’ तर बाईंनी तटस्थ राहायचं. वर्गात खरी बंदूक आणायलाही धड्यापुरती मनाई आहे. बाईंच्या पर्समध्ये असेल ती वेगळी. त्या पर्समधलीसाठी बाईंना 40 तासांचं प्रशिक्षण लागतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत याच राज्यात गिऱ्हाइकाचं डोकं नुसतं शाम्पूने धुऊन द्यायला 300 तास लागायचे.

आता आपली मंडळी. डॅलस, अटलांटा, न्यू जर्सी, जिथे जिथे गणपती बसतो तिथे तिथे शनिवारी मुलं एकमेकांच्या घरी खेळायला जातात. त्याला ‘प्ले-डेट’ म्हणतात आणि तिची वेळ दोन्ही आया मिळून ठरवतात. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की मूल पाठवण्याआधी त्या घरात बिनकुलपाची बंदूक आहे का ते विचारा. सल्ला चांगला, पण मराठी जिभेवर हा प्रश्न यायचा कसा? आपण शेजाऱ्याचा पगार विचारतो, फ्लॅटचा भाव विचारतो, लग्नाला किती वर्षं झाली आणि ‘अजून काही’ का नाही तेही विचारतो. पण हे? म्हणून कोथरूडहून डॅलसला गेलेली सून आधी शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा विषय काढते, मग कुत्रा चावतो का विचारते, मग तलावाला कुंपण आहे ना विचारते, आणि फोन ठेवता ठेवता, अगदी सहज आठवल्यासारखं करून, एकदाचं विचारून टाकते.

‘हो, आहे ना,’ पलीकडून मोकळं, प्रेमळ उत्तर येतं. ‘पलंगाशेजारच्या खणात असते. तुम्ही काही काळजी करू नका, आमच्या टायलरला सगळं शिकवलंय.’